मागच्या खोलीतली ओल

जळगाव, २ एप्रिल २०२५

भाऊ,

वर नमस्कार लिहावा की नको यातच पहिला कागद वाया गेला. म्हणून सरळ कामाचं लिहिते.

या महिन्याच्या बावीस तारखेला आम्ही तुझं घर खाली करतोय. यांनी गेल्या महिन्यात वकिलांकडून तशी नोटीस पाठवली होतीच. आता घर जसं आहे तसं दाखवणारे फोटो पाठवतेय. या पाकिटात हॉलचे आहेत, बाकी खोल्यांचे मागून येतील. प्रत्येक फोटोच्या पाठीवर तारीख आणि माझी सही आहे. वकीलसाहेब म्हणाले, घरमालक नात्यातला असला की फोटो दुप्पट काढा. मला आधी हसू आलं, मग नाही आलं.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर आपलं काय होतं ते दोघांनाही ठाऊक आहे. तू पहिल्या मिनिटाला चढतोस आणि मी तुझी वाट बघत थांबत नाही.

वकीलसाहेबांनी असंही बजावलंय की समोरच्याला माहीत असलं तरी सगळं पहिल्यापासून लिहा. तर ऐक. धुळ्यात बसून तू जळगावात हे घर घेतलंस. पहिला भाडेकरू दारं-खिडक्यांची दैना करून गेला आणि तू वर्षभर त्याच्या मागे पळत राहिलास. मग तूच म्हणालास, रूपा, परक्याला देण्यापेक्षा तूच राहा. आम्ही आलो. भाडं एकदाही थकवलं नाही. पुढे मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. मी म्हटलं, आतला पाइप गळतोय. तू म्हणालास, पाइप माझ्या दुकानातला आहे, मी स्वतः उभं राहून बसवून घेतलाय, तो गळणं शक्य नाही, तुम्हीच मोरीत पाणी सांडता. मी म्हटलं, पाइपचं दुकान टाकलं म्हणून पाणी तुझं ऐकत नसतं. त्यावर तू म्हणालास, मग घर खाली कर.

त्यानंतर दोन आखाज्या गेल्या. पोरीबाळी माहेरी जाऊन झोके खेळून आल्या. तू बोलावलं नाहीस आणि मी आले नाही.

पण त्या बोलण्यावरून घर सोडतेय असं समजू नकोस. हे तर तेव्हाच सामान बांधायला निघाले होते. मीच म्हटलं, आपलं बांधून होऊ द्या, मगच ताठ मानेनं निघू. ते आता झालं. पिंप्राळ्याच्या पुढे दोन खोल्या, वर पत्रा नाही, स्लॅब आहे. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, वास्तुशांती.

आता माझं म्हणणं. भावकीतल्या त्या लग्नात, हळदीच्या मांडवात, दिपमाला वहिनी बायकांसमोर म्हणाल्या, "आमच्या रूपाताईंनी घराची पार वाट लावली." मी पाठीमागेच पापड तळत होते. कढईपाशी बसलेल्या माणसालाही ऐकू येतं, हे त्यांना सांग. म्हणून हे फोटो. मी गेल्यावर माझ्या नावानं कोणी एक शब्द काढायला नको. तू काढलास तर धुळ्याचं दार मला कायमचं बंद झालं असं मी धरून चालेन. माय जिवंत असताना ते दार मला बंद व्हायला नकोय. एवढंच.

तुझी भाडेकरू,
रूपा

&nbsp;

जळगाव, ९ एप्रिल २०२५

भाऊ,

स्वयंपाकघर, मोरी आणि मधल्या खोलीचे फोटो सोबत आहेत. प्रत्येक फोटोत रोशनी त्या दिवसाचा पेपर धरून उभी आहे, म्हणजे फोटो जुना आहे असं म्हणायला जागा नको. तिचं तोंड फुगलेलं आहे ते घरातल्या गाऊनवर उभी केली म्हणून. भाचीला बघून तुला हसू आलं तर हसून घे, ते भाडेकरारात बसतं.

आमच्या हातून झालेलं आधी सांगते. मधल्या खोलीत कूलरचं पाणी उतरून खिडकीखाली डाग पडलाय. तो आमचा, रंगवून देऊ. जळगावात कूलरशिवाय एप्रिल काढून दाखव, मग बोल. खिळ्यांची भोकं बुजवून देऊ. मोरीतला नळ मी बदललाय, आणि तो तुझ्या दुकानातला नाही. नाक मुरडू नकोस, चांगला चालतोय.

आता जे मला लागलं ते. पहिल्या पत्राची पोचपावती परत आली. मी बघते तर सहीच्या जागी मायचं नाव, "मोगराबाई". मोठी मोठी, उताराला लागलेली अक्षरं, प्रौढांच्या वर्गात कंदील घेऊन जायची तेव्हा शिकलेली. ती सही बघून मी मोरीत जाऊन रडले. आणि मग तुझा जो राग आला, भाऊ, तो इथे लिहिता येणार नाही. माझं पाकीट हातात घ्यायची तुला लाज वाटते, म्हणून त्या म्हाताऱ्या बाईला उन्हात दारापर्यंत उठवतोस? तिच्या गुडघ्यांचं तुला माहीत नाही का? पोस्टमनसमोर तिनं सही गिरवायची आणि तू पंख्याखाली बसायचं. शाबास.

वहिनींचंही लिहूनच टाकते, एकदाचं पोटातून जाऊ दे. त्या या घरात जेव्हा जेव्हा आल्या तेव्हा चप्पल न काढता आल्या. नजर माझ्या तोंडाकडे नाही, भिंतींकडे. चहा ठेवला तर म्हणायच्या, आत्ताच झाला. दर वेळी कसा आत्ताच होतो? सख्ख्या भावाची बायको माझ्या हातचा घोटभर चहा घेत नाही, तेव्हा मी बहीण नाही, भाडेकरूच आहे, हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं.

झालं लिहून. आता बरं वाटतंय.

रूपा

&nbsp;

जळगाव, १६ एप्रिल २०२५

भाऊ,

याही पोचपावतीवर मायचीच सही. असू दे. आता मी त्या पावत्या देवघरात ठेवते, तेवढंच तिचं अक्षर घरात.

आजचं पाकीट जाड आहे. मागच्या खोलीचे फोटो आहेत, एकाच भिंतीचे, रोजचा एक.

त्याचं असं झालं. घर देताना गच्चीवरची टाकी घासून द्यावी म्हणून आम्ही ती रिकामी केली. घासली, आणि म्हटलं आता पंधरा दिवसांसाठी कशाला भरायची, खालच्या नळाला एक दिवसाआड पाणी येतंच, ड्रम भरून भागवू. टाकी कोरडी राहिली आणि दुसऱ्याच दिवशी भिंतीचा काळेपणा खालून मागे सरकायला लागला. आधी रोशनीच्या लक्षात आलं. मग तिनं रोज सकाळी फोटो काढला. शेवटच्या फोटोत भिंत बघ. खडखडीत. पोपडे निघालेत, पण हात लावला तर हाताला काही लागत नाही. मोरीत आम्ही नेहमीसारखेच आंघोळी करतोय, कपडे धुतोय, भरपूर सांडतोय.

म्हणजे पाणी टाकीच्या पाइपातून येत होतं. तो भिंतीच्या आतला. तू उभं राहून बसवून घेतलेला.

रोशनी म्हणाली, मम्मी, भावकीच्या ग्रुपवर टाकू का? फोटो ओळीनं लावून ठेवलेत, फक्त बोट टेकवायचं बाकी आहे. हेही म्हणाले, टाक, दोन वर्षं ऐकून घेतलंय. मला खरं सांगायचं तर तोंडाला पाणी सुटलं. मांडवातल्या त्या सगळ्या बायका माझ्या डोळ्यांसमोर आल्या, फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या.

टाकले नाहीत. का ते विचारू नकोस. तू त्या गल्ल्यावर बसून पोट भरतोस आणि तुझ्या पाइपाचे फोटो धुळ्यात फिरावेत असं मला वाटत नाही, एवढंच समज. माझ्या रागाचं आणि तुझ्या धंद्याचं काय देणंघेणं आहे.

बावीसला दुपारी टेम्पो आहे. चावी घ्यायला आणि घर बघून घ्यायला कोणाला तरी पाठव. कोणीच आलं नाही तर शेजारच्या पुष्पाबाईंकडे चावी ठेवते. आणि मायच्या गुडघ्यांना ते तेल अजून लावता का? तिला गरम करून लागतं, गार नाही चालत.

रूपा

&nbsp;

जळगाव, २३ एप्रिल २०२५

भाऊ,

पाकिटावर दुकानाचा पत्ता बघून चक्रावला असशील. मुद्दाम टाकलाय. गल्ल्यावर गिऱ्हाईक असेल तर आधी ते निपटव, पण आजच्या आज हे वाच.

काल टेम्पो गेला. हे टेम्पोबरोबर नव्या घरी गेले. मी आणि रोशनी मागे राहून झाडलोट करत होतो, तर दारात दिपमाला वहिनी. तोंडाला रुमाल, खांद्यावर फुगलेली पिशवी, धुळ्याहून एसटीनं भर उन्हात आलेल्या. आणि हातात माझी तिन्ही पाकिटं.

मी मनात म्हटलं, आली तपासणी. रोशनीनं लगेच फोन काढून व्हिडिओ चालू केला, तिला मी तसं शिकवूनच ठेवलं होतं. वहिनींनी ते पाहिलं. उंबऱ्याबाहेर चप्पल काढली आणि म्हणाल्या, चला, खोल्या दाखवा.

मग आमची वरात निघाली. वहिनी पाकिटातून फोटो काढणार, भिंतीशी धरणार, बघणार, परत ठेवणार. मी मागे, आणि माझ्या मागे रोशनीचा फोन. खिडकीखालचा डाग रंगवलाय ते बघितलं. खिळ्यांची भोकं चाचपली. नळ फिरवून पाहिला. स्वयंपाकघरात सिलिंडर असायचा त्या कोपऱ्यात त्या वाकल्या, ओट्याच्या कडप्प्याचा कोपरा उडालाय त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हे पत्रात नव्हतं.

नव्हतंच, भाऊ. तो कोपरा आम्ही राहायला आलो तेव्हापासून उडालेला. पण तेव्हा कोणी फोटो काढले होते? आता सांगितलं तर कोण मानणार, म्हणून मी कॅमेरा तिकडे वळवूच दिला नव्हता. सहा वर्षं तिथे सिलिंडर उभा केला तो त्याच्यासाठीच. वहिनी म्हणाल्या, घाबरू नका, मीच फोडलाय. घराच्या पूजेला नारळ फुटेना, गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं, तुमचे भाऊ ओरडायला लागले, म्हणून मी घेतला आणि ओट्यावर आपटला. नारळाच्या आधी ओटाच फुटला. त्यांना आजपर्यंत माहीत नाही.

त्या हसायला लागल्या. मग मलाही आवरेना. रोशनीला म्हटलं, बंद कर तो फोन.

मग मागची खोली. वहिनींनी भिंतीवर पंजा टेकवला. तिथेच त्यांनी सांगितलं, आणि जे सांगितलं त्यासाठी हे पत्र तुला लिहितेय.

माझी तिन्ही पत्रं तुझ्यापर्यंत आलीच नाहीत. वकिलाची नोटीस आली त्या दिवशी तू घरात असा काही आरडाओरडा केलास की माय जेवली नाही. तेव्हाच तिनं ठरवलं, आता जळगावचं पाकीट पोराच्या हाती जाऊ द्यायचं नाही. पोस्टमन दुपारी येतो, तू दुकानात असतोस. ती सही करायची आणि पाकीट आपल्या पत्र्याच्या पेटीत टाकायची. तू तिला उठवत नव्हतास, ती आपली आपण उठत होती. तुला मी वाट्टेल ते बोलले. ते मागे घेते.

पण लेकीनं काय लिहिलंय ते तिला कळायला नको? म्हणून दुपारी जेवणं झाली की ती वहिनींना वाचायला बसवायची. वहिनी वाचत गेल्या, आणि वाचता वाचता हळदीच्या मांडवापर्यंत आल्या. म्हणाल्या, गाळून पुढे जाता आलं असतं, सासूबाईंना काय कळणार होतं. पण तोंडातून निघून गेलं. मायनं विचारलं, "खरं शे का?" वहिनी हो म्हणाल्या. माय पुढचं वाच म्हणाली. पुढच्या पत्रात चहा निघाला, चपला निघाल्या. तेही त्यांनी सगळं वाचलं.

"दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं असतं तर मी भांडले असते, रूपाताई," वहिनी म्हणाल्या. "माझ्याच तोंडानं माझं वाचलं. मग भांडू कोणाशी?"

घरात एक भांडं उरलं नव्हतं. पुष्पाबाईंकडून चहा करून आणला. वहिनींनी तो बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत घेतला. मग पिशवी उघडली. मला वाटलं, भाडेकराराचे कागद निघतात. निघाले गहू, नारळ, खण आणि हळदीकुंकवाच्या पुड्या. रंगाची बादली उपडी करून मला म्हणाल्या, बसा.

माझी जीभ काही गप्प बसते का? मी म्हटलं, भाडेकरणीची ओटी कोणी भरतं का वहिनी?

"भाडेकरीण कालपर्यंत होतात. आज आमच्या घरातून नणंद निघालीय. ती मोकळ्या पदरानं कशी जाऊ देऊ?"

भाऊ, मी त्या बादलीवर बसून लहान पोरीसारखी रडले. रोशनीनं फोन बंद केला होता ते बरं झालं. दोन वर्षांचं काहीतरी छातीवर बसलेलं होतं ते उठून गेलं.

चावी वहिनींकडे दिली. पावती मागितली नाही, वकीलसाहेब रागावतील. घरी त्या अमळनेरला बहिणीकडे जाते म्हणून सांगून निघाल्या होत्या. त्याच म्हणाल्या, मी काही बोलले तर म्हणतील नणंदेनं शिकवून पाठवली, तुम्हीच लिहा आणि दुकानावर पाठवा. तेव्हा त्यांच्यावर चिडू नकोस. अगदीच चिडायचं असेल तर माझ्यावर चीड, मला सवय आहे.

भिंतीचं मला आता काही म्हणायचं नाही; वहिनींनी आणलेली तिन्ही पाकिटं सोबत आहेत, तूच बघ. आखाजीला ये. बहिणीच्या वास्तूला भाऊ उभा लागतो. यांनी गुरुजींना परस्पर सांगून टाकलंय की माझा भाऊ येणार आहे.

तुझी बहीण,
रूपा

&nbsp;

पिंप्राळा, जळगाव, २ मे २०२५

भाऊ,

हे साध्या टपालानं टाकतेय, तिकीट लावून. पोचलं तर पोचलं.

परवा तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं गेलात आणि त्या गर्दीत तुझ्याशी धड बोलणं झालं नाही. फोनवर तर मला हे बोलताच येणार नाही. आज सकाळी उन्हं अंगावर आली तरी मी झोपलेलीच होते. हे स्वतः चहा करून घेऊन आले, म्हणाले, दोन वर्षांत तुला असं झोपलेलं पाहिलं नाही.

तू आलास, आहेर आणलास, गुरुजी सांगतील तिथे हात लावलास. पत्राचं अवाक्षर काढलं नाहीस. मीही नाही काढलं. वहिनी आल्या आल्या पदर खोचून खापरावर पोळ्या टाकायला बसल्या. मला वाटलं, चला, एवढंही पुष्कळ झालं.

आणि मग पूजा आटोपल्यावर मी बघते तर तू फोन समोर धरून खोल्याखोल्यांतून फिरतोयस. भिंतींचे व्हिडिओ काढतोयस. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, सहा वर्षं याच्या भिंतींच्या धाकात काढली, आता हा माझ्या घरात येऊन ओल शोधतोय. पीठ भरलेल्या हातांनीच उठले. सणाचा दिवस आहे, पाहुणे आहेत, काही म्हणून बघायचं नाही असं ठरवून तुझ्या मागे आले.

तू मागच्या दारात पाठमोरा होतास. तुला चाहूल लागली नाही. मी ऐकलं तर तू फोनशी हळू आवाजात बोलत होतास. या उन्हात माय येऊ शकली नाही, ती तिकडे धुळ्यात फोन धरून बसली होती, आणि तू तिला घर दाखवत होतास. ही खिडकी, इकडून वारा येतो. हा ओटा, कडप्पा नाही, ग्रॅनाइट आहे. हा नळ चांगला आहे, मी फिरवून बघितला. तिनं तिकडून काहीतरी विचारलं असावं, कारण तू जरा थांबलास. मग कबूल करत म्हणालास, "चूक मनी व्हती, माय. तिनी नही."

मी दाराच्या आड तशीच उभी राहिले. हातातलं पीठ वाळून गेलं.

मग तू पुढच्या दाराशी गेलास, बाहेर उन्हात उतरलास आणि सगळं घर एकदम दिसेल इतका मागे, पार रस्त्यापर्यंत सरकलास. तिथून मोठ्यानं म्हणालास, येणारेजाणारे बघायला लागले इतक्या मोठ्यानं, "हाई मनी बहीणनं घर शे, माय. देख."

मी आत पळाले. वहिनींनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि माझी जळायला लागलेली पोळी खापरावरून उतरवली.

मायला पुन्हा बघता यावं म्हणून तू ते सगळं फोनमध्ये रेकॉर्डही करत होतास, रोशनीनं पाहिलं; तो व्हिडिओ मला पाठव. रोशनी म्हणते, मामाच्या फोनमधून मी एका मिनिटात काढून आणला असता. मला तो तुझ्याकडून यायला हवाय.

रविवारी सकाळच्या गाडीनं मी येतेय, चार दिवस राहायला. मायला सांग.

रूपा